हौस कोणाची, धाव कोणाची?

‘क्रॉसकंट्रीत उतरा’ असं आम्ही पोरांना म्हणतो तेव्हा दोन प्रश्न हमखास येतात. पहिला पोरांचा: "सर, त्याचं सर्टिफिकेट भरतीत चालतं का?" दुसरा आमच्याच कार्यकर्त्यांचा: "ही पोटभरल्या लोकांची हौस. चळवळीला यातून काय मिळणार?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पालघरच्या माहीममध्ये, म्हणजे केळव्याला लागून असलेल्या आमच्या गावात, भरतीची जाहिरात निघाली की पहाटे ओहोटीची वेळ बघून पोरं किनाऱ्यावर पळायला येतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. त्यापुढे एक पाऊलही कोणी जास्त टाकत नाही, आणि ज्यांच्या घरात एका नोकरीवर पाच माणसं बसलेली असतात त्यांनी का टाकावं? दुसरीकडे रविवारी सकाळी महागडे बूट घालून, मनगटावर घड्याळ लावून, नोंदणीचे हजारभर रुपये मोजून मुंबईहून धावायला येणारा एक वर्ग आहे. तो स्वतःला ‘हौशी धावपटू’ म्हणवतो. मग हौस त्यांची आणि गरज आपली, अशी ही वाटणी कायमची आहे का? आमचं म्हणणं असं की ही वाटणी आपोआप झालेली नाही. ती केलेली आहे. तिचा इतिहास आहे आणि तो आपल्याला ठाऊक असायला हवा.

डांबरी रस्ता किंवा मैदानातला ट्रॅक सोडून शेत, बांध, माळ, ओढा, चढउतार अशा उघड्या रानातून होणारी लांब पल्ल्याची शर्यत म्हणजे क्रॉसकंट्री. हिचा जन्म एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधला, तोही श्रीमंतांच्या मुलांच्या निवासी शाळांत. श्रूजबरी आणि रग्बी इथल्या शाळांत मुलं ‘ससा आणि शिकारी कुत्री’ असा खेळ खेळत. दोघं-तिघं ससे व्हायचे, कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचे, आणि बाकीचे कुत्री होऊन तो माग काढत मागे धावायचे. बाप घोड्यावर बसून खरी शिकार करतो, पोरगं पायांनी तिची नक्कल करतं, असा हा मामला. १८६८ साली लंडनजवळ ‘थेम्स हेअर अँड हाउंड्स’ हा या खेळाचा पहिला क्लब निघाला. नावात आजही ससा आणि शिकारी कुत्री आहेत.

याच काळात ‘अमॅच्युअर’ म्हणजे हौशी खेळाडू कोण, याची व्याख्या ठरत होती. आम्ही कार्यकर्त्यांनी नीट वाचावी अशी ती गोष्ट आहे. १८६० च्या दशकात लंडनच्या अमॅच्युअर ॲथलेटिक क्लबने नियम केला की पैशासाठी खेळणारा तर हौशी नाहीच, पण जो कारागीर आहे, यंत्रावर काम करणारा आहे, मजूर आहे, तोही हौशी नाही. त्याने एक पैसा बक्षीस घेतलेलं नसलं तरी नाही. हाताने काम करणं हाच त्याचा दोष. कारण काय दिलं जायचं, तर अंगमेहनतीमुळे मजुराचं शरीर आधीच कसलेलं असतं, त्याला सभ्य गृहस्थांविरुद्ध अन्याय्य फायदा मिळतो! म्हणजे गाळलेल्या घामाचं मोल मिळणं दूरच, तोच घाम पुन्हा अपात्रतेचा दाखला. १८८० मध्ये ऑक्सफर्डला इंग्लंडची ॲथलेटिक्स संघटना स्थापन झाली तेव्हा धावण्यातून ही अट गेली. होड्यांच्या शर्यतींत मात्र हेन्लीसारख्या ठिकाणी ती १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. जॉन केली नावाचा अमेरिकन, मूळचा गवंडी. १९२० मध्ये हेन्लीने त्याचा अर्ज नाकारला. त्याच्या क्लबशी जुना वाद होता हे खरं, पण हाताने काम केल्याची अटही त्याच्या आड आलीच. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिम्पिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकलं. त्याआधी जिम थॉर्प, अमेरिकेचा मूलनिवासी. १९१२ च्या ऑलिम्पिकमधली त्याची दोन सुवर्णपदकं दुसऱ्याच वर्षी काढून घेतली, कारण पूर्वी त्याने थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळलं होतं. त्याच्या नावावरचा डाग पूर्ण पुसायला २०२२ साल उजाडावं लागलं.

श्रम करणाऱ्याला श्रमामुळेच कमी लेखायचं, आणि ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे त्याची हौस शुद्ध ठरवायची. ही रचना आपल्याला कुठे पाहिल्यासारखी वाटते? बाबासाहेबांनी ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’मध्ये १९३६ साली मांडलं आहे की जात ही नुसती कामाची विभागणी नसून काम करणाऱ्यांचीच उतरंडीची विभागणी आहे. इंग्लंडातला सभ्य गृहस्थ आणि पुण्यातला सवर्ण यांना एकमेकांची भाषा समजायला वेळ लागला नाही, यात नवल नाही. पळवणकर बाळूंचंच घ्या. चांभार समाजातला हा गोलंदाज आधी पुण्यात युरोपियनांच्या क्लबात पगारी नोकर होता. साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचा. फलंदाजी ही साहेबांची हौस, गोलंदाजी हे बाळूंचं काम. पुढे हिंदूंच्या संघात घेतलं तरी चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले, पण हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आलं नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं.

हे क्रिकेटचं झालं. धावण्याची आपली गोष्ट याहून जुनी आणि खोल आहे.

महार वतनाचा इतिहास वाचताना आपण जमीन, बलुतं, मेलेली ढोरं यांवर थांबतो. पण त्या कामांची यादी पायांच्या बाजूने वाचून पाहा. सरकारी कागद पुढच्या गावाला पोचवायचा. वसूल कचेरीत जाताना सोबत चालायचं. कोणी अंमलदार आला की त्याचं सामान वाहायचं, वाट दाखवायची, त्याच्या घोड्याची सोय बघायची. गावात कोणी मेलं की मयताची खबर घेऊन दहा गावं पालथी घालायची, भर उन्हात, भर पावसात, रात्री-अपरात्री. तार नव्हती, टपालाची गाडी खेड्यात येत नव्हती तेव्हा गावगाड्याची तार आणि टपाल म्हणजे महाराचे पाय. आणि ते पाय त्याचे नव्हतेच. १८७४ च्या वतन कायद्याने या सेवेला इंग्रजांनी कायद्याचं कोंदण दिलं. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं तेव्हा नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं. महाराच्या कामाला ठरलेले तास नाहीत, तो चोवीस तास बांधलेला. वतनदार हजर नसेल तर त्याच्या घरातलं दुसरं माणूस जुंपलं जातं. मोबदला नाममात्र. विधेयकाला इतका विरोध झाला की १९२९ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतन बंद केलं होतं; मुंबई राज्यात त्यासाठी १९५८ चा कायदा यावा लागला.

म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांनी जितकी क्रॉसकंट्री केली तितकी रग्बी शाळेतल्या कोणत्याच पोराने केली नसेल. फरक इतकाच की त्याला घड्याळ लावलेलं नव्हतं, छातीवर क्रमांक नव्हता, आणि ‘आज नाही जात’ म्हणायची सोय नव्हती. आमच्या पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात वारल्यांच्या वाट्याला वेठ आली, तिची जात थोडी वेगळी, पण पायांवरचा हक्क गमावण्याची गोष्ट तीच. १९४५ मध्ये तलासरी-डहाणूकडे वारली उठले ते या वेठीविरुद्ध. घटनेच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी घातली. हे कलम आपण शोषणाविरुद्धचा हक्क म्हणून पाठ करतो. आम्ही त्याला जोडून असंही म्हणतो की स्वतःच्या मर्जीने पळण्याचा हक्कही तिथूनच सुरू होतो.

चालण्याचीही हीच कथा. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू, म्हणजे त्याच्या पावलांच्या खुणा पुसल्या जाव्यात, याची आठवण बाबासाहेबांनीच करून दिली. ज्याच्या पावलाची खूणही रस्त्याला चालत नव्हती, त्याने उघड्या रानातून, कोणाच्याही बांधावरून, सगळ्या गावादेखत पळत जायचं आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या! १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे खुले करायचं ठरलं, आणि २० मार्च १९२७ ला महाडला परिषदेतून निघालेले लोक रस्त्याने चालत चवदार तळ्यावर गेले तेव्हा तो ठराव कागदावरून जमिनीवर उतरला. महाडच्या सत्याग्रहाला आपण पाण्याचा सत्याग्रह म्हणतो, तो रस्त्याचाही होता.

इथे थोडं आडवाटेला जातो. आमच्याच जिल्ह्यात, सोपाऱ्याला, १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना स्तूपाबरोबर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. हा आठवा लेख कशाबद्दल आहे? पूर्वीचे राजे विहारयात्रेला, म्हणजे शिकार आणि मौजेसाठी, बाहेर पडत. आपण मात्र राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधीच्या स्थानाला गेलो आणि धम्मयात्रा सुरू केली, असं अशोक त्यात सांगतो. धम्मयात्रेत काय, तर श्रमणांना आणि वृद्धांना भेटणं, दान देणं आणि जनपदातल्या साध्या माणसांना भेटणं. क्रॉसकंट्री शिकारीच्या नकलेतून जन्मली हे वर सांगितलंच. शिकार सोडून माणसं भेटायला रानोमाळ निघायचं, हा विचार आपल्याकडे बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरला गेला होता, आणि तो दगड विरारच्या लोकलने जाता येईल इतक्या अंतरावर निघाला. बाहेरून आलेला खेळ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांना आम्ही हे आवर्जून ऐकवतो.

आता १९२० कडे येऊ. ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. जुलैमध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. आणि त्याच उन्हाळ्यात सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने सहा जणांचा भारतीय संघ अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेला. त्याआधी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजींनी शेतकऱ्यांच्या पोरांना अनवाणी धावताना पाहिलं होतं. नियम माहीत नाहीत, शिक्षण नाही, पण वेळ युरोपातल्या नावाजलेल्यांच्या जवळपास. त्या संघातल्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावे आले. जिंकणारा फिनलंडचा कोलेहमायनेन २ तास ३२ मिनिटांत आला होता. अठरा मिनिटांचा फरक. त्यात बूट किती, खाणं किती, सराव किती आणि थंड हवा किती, हे ज्याने त्याने काढावं. रक्त किती, असं मात्र कोणी विचारू नये.

कारण रक्ताची ही भाषा आपल्याला फार महागात पडली आहे. कोरेगावला १ जानेवारी १८१८ रोजी लढलेल्या समाजासाठी इंग्रजांनी १८९२ मध्ये लष्कराची दारं बंद केली. आधार कोणता, तर ‘लढाऊ वंशां’चा सिद्धांत. काही जाती जन्मतः लढणाऱ्या, काही नाहीत. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब राष्ट्रीय संरक्षण मंडळावर गेले, त्यांनी पाठपुरावा केला, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

आता हा धागा धरून पुढे या. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव. तिथला अविनाश साबळे बारावीनंतर सैन्यात भरती झाला, ५ महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला. २०१५ मध्ये सैन्यातल्या क्रॉसकंट्रीत उतरला आणि तिथून ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, तेही सुवर्णपासून अवघ्या ०.०५ सेकंदांवर. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटं ०९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. आज महार रेजिमेंटमध्ये सगळ्या समाजांची पोरं आहेत, आणि साबळेच्या जातीशी आम्हाला काही देणंघेणं नाही. आमचा मुद्दा संस्थेचा आहे. ज्या पलटणीचं दार अर्ज करून, भांडून, पुन्हा पुन्हा उघडावं लागलं, त्या पलटणीच्या मैदानावर देशाचा सर्वांत वेगवान स्टीपलचेस धावपटू घडला. धावणारा रक्तात सापडत नाही. पोटभर जेवण, पगार, बूट, प्रशिक्षक आणि धावायला मिळालेले तास यांतून तो तयार होतो. बाबासाहेबांनी मिळवलेल्या दारांतून नेमकं हेच मिळालं.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतबद्दल लिहिताना मात्र वर्तमानपत्रांना हा विसर पडतो. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत रौप्य, पुढे अर्जुन पुरस्कार, रिओ ऑलिम्पिक. आणि बातमी काय, तर लहानपणी पाण्यासाठी मैलोन् मैल अनवाणी पायपीट केली म्हणून पाय तयार झाले! पाण्याची टंचाई ही जणू क्रीडा खात्याची योजनाच. तसं असतं तर मोखाडा-जव्हारच्या प्रत्येक पाड्यावर एक पदक दिसलं असतं. ‘आदिवासी मूळचेच काटक’ हे वाक्य कौतुकाचं वाटतं, पण ‘लढाऊ वंश’वाल्या चुलीवरचीच ही भाकरी आहे. काटक म्हटलं की बूट द्यायला नकोत, वसतिगृह द्यायला नको. २०२४ मध्ये कविताने राज्य सरकारच्या नोकरीबाबत आपल्यावर अन्याय झाल्याची खंत जाहीरपणे बोलून दाखवली, तेव्हा कौतुक करणारे फारसे बोलले नाहीत.

बाईच्या पायांबद्दल तर सगळ्या जगाने असाच खोटेपणा केला. १९२८ च्या ऑलिम्पिकमध्ये बायकांची ८०० मीटर शर्यत झाली, त्यात काही जणी दमून बसल्याचा गवगवा झाला, आणि थेट १९६० पर्यंत ती बंद. त्याच काळात आमच्या किनाऱ्यावरची बाई डोक्यावर टोपली घेऊन बाजार गाठत होती, पण तिची गणना नाजूक जातीत नव्हती आणि खेळाडूंतही नव्हती. जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धेत बायका-पुरुषांचं अंतर सारखं, १० किलोमीटर, झालं ते २०१७ मध्ये. आमच्या भरतीत अजून १६०० आणि ८०० च आहे.

तर मग पहिल्या प्रश्नाचं उत्तर. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याच्या अटी कडक आहेत, गावच्या शर्यतीचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही. पोरांना खोटी आशा दाखवायची नाही. पण आठ-दहा किलोमीटरची क्रॉसकंट्री करणाऱ्याला १६०० मीटर जड जात नाहीत, हेही खरं. आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की चळवळीतल्या माणसाला हौस असू नये, हा नियम आपण कोणाकडून घेतला? बाबासाहेब व्हायोलिन शिकत होते, बागेत रमत होते. आपण फक्त गरजेपुरतं पळायचं आणि हौसेचं पळणं दुसऱ्यांनी करायचं, हे मान्य केलं तर १८६० च्या दशकातला तो लंडनचा नियम आपणच आपल्याला लावून घेतो. जयंतीच्या आठवड्यात अठरा तास अभ्यास करणारी आपली पोरं आहेत. त्यांनी एक सकाळ रानात घालवली तर अभ्यास बुडत नाही.

अडचण वेगळीच आहे, आणि ती मार्गाची आहे. जिल्ह्यातल्या एका गावच्या शर्यतीचा नकाशा आमच्या हाती आला होता. गावाचं नाव घेत नाही. मार्ग देवळापासून निघतो, शाळेवरून, बाजारातून, वाड्यांच्या कडेने जातो, आणि बौद्धवाड्याच्या तोंडाशी येऊन डावीकडे वळतो. आम्ही कारण विचारलं. उत्तर आलं, "तिकडचा रस्ता खराब आहे." क्रॉसकंट्रीला खराब रस्ताच लागतो, हे आम्ही त्यांना शांतपणे सांगितलं. दोन बैठका झाल्या. एका वाडीवाल्याने बांधावरून पळायला परवानगी दिली, दुसऱ्याने नाही दिली. नाही म्हणणारा आपल्याच ओळखीचा निघाला, आणि हो म्हणणारा ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती तो. पोरांनी सायकलचं चाक फिरवून नवीन अंतर मोजलं. ते सहा किलोमीटरला थोडं कमी भरतं, म्हणून शेवटचा वळसा समाजमंदिराभोवती घातला आहे.

पाण्याचं टेबल विहारासमोर लागेल, इतकं दोन्हीकडून मान्य झालं. पेले कागदाचे ठेवायचे की स्टीलचे, यावर पुढच्या रविवारी बसायचं आहे.